नागरिकत्वाचा अर्ज करायचाय? मग आधी जुन्या परदेशवाऱ्यांचा हिशोब लावा

समजा, काशीगावातल्या एका मुलाने परदेशात नोकरी करताना तिथल्याच मुलीशी लग्न केलं. काही काळाने दोघं भारतात आले, मीरा-भाईंदरमध्ये संसार थाटला, मूल झालं, ते शाळेतही जायला लागलं. आता तिला भारताचं नागरिकत्व हवं आहे. लग्नाचा दाखला आहे, नवऱ्याचा पासपोर्ट आहे, घराचे कागद आहेत. गाडी अडते एका साध्या प्रश्नावर : गेल्या नऊ वर्षांत तुम्ही नेमके किती दिवस भारतात होता?

कायदा काय सांगतो?

नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ५ नुसार भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला नोंदणी करून नागरिकत्व मिळू शकतं. त्यासाठी अर्जाआधी सात वर्षं भारतात वास्तव्य लागतं. पण ही सात वर्षं सलग मोजत नाहीत. त्यांचे दोन भाग आहेत :

- अर्जाच्या लगेच आधीचे १२ महिने पूर्णपणे भारतात.
- त्याआधीच्या ८ वर्षांपैकी किमान ६ वर्षं भारतात.

शेवटच्या १२ महिन्यांत थोडे दिवस बाहेर जावं लागलं तर? विशेष परिस्थितीत केंद्र सरकार जास्तीत जास्त ३० दिवसांची सूट देऊ शकतं. पण हा हक्क नाही. सूट द्यायची की नाही, ते सरकार ठरवतं.

ओसीआय कार्ड असलेल्यांसाठी वेगळी वाट आहे. कार्डाला पाच वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात आणि अर्जाआधीचे १२ महिने भारतात काढलेले असावे लागतात.

हिशोब कुठे चुकतो?

आपल्या उदाहरणातली सूनबाई १ जून २०२६ ला अर्ज करणार आहे असं धरू. म्हणजे १ जून २०१७ ते ३१ मे २०२५ या आठ वर्षांत ती जास्तीत जास्त दोन वर्षं, साधारण ७३० दिवस, बाहेर राहिलेली चालेल.

दरवर्षी ४५ दिवस माहेरी, म्हणजे ३६० दिवस. बाळंतपणासाठी आणखी आठ महिने, अंदाजे २४०. मार्च २०२० मध्ये भारतात येणारी नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली, तेव्हा ती पाच महिने तिकडेच अडकली, म्हणजे आणखी १५०. एकूण ७५० दिवस. वीस दिवसांनी गणित हुकलं.

यातली एकही फेरी लपवण्यासारखी नाही, पण बेरीज आधीच केली असती तर अर्जाची तारीख पुढे ढकलता आली असती. तारीख पुढे गेली की मोजणीचा काळही पुढे सरकतो आणि सुरुवातीच्या जुन्या फेऱ्या हिशोबातून गळून पडतात.

शिक्के सापडत नसतील तर?

पहिला पुरावा म्हणजे पासपोर्टवरचे शिक्के. म्हणून मुदत संपलेला पासपोर्ट कधीही टाकून देऊ नका. पण सगळे शिक्के मिळतीलच असं नाही. काही पुसट असतात, काही एकावर एक मारलेले असतात. हाँगकाँग आणि सिंगापूरसारख्या ठिकाणी तर आता पासपोर्टवर शिक्काच मारत नाहीत. अशा वेळी तारखा इथून जुळवता येतात :

- ईमेलमधली विमान तिकिटं आणि बोर्डिंग पास
- विमान कंपनीच्या सदस्य खात्यातला प्रवासाचा इतिहास
- बँक आणि क्रेडिट कार्डाची स्टेटमेंट
- ऑफिसातल्या रजेच्या नोंदी
- फोनमधल्या फोटोंच्या तारखा

तिकीट काढलं म्हणजे प्रवास केलाच असं नाही, हे लक्षात ठेवा. तारीख बदललेली किंवा रद्द झालेली तिकिटं वेगळी काढा. मग एक तक्ता करा : निघाल्याची तारीख, परतल्याची तारीख, देश, कारण, पुरावा.

अंदाजे तारीख टाकली तर चालेल?

नाही. अर्ज ऑनलाइन भरला तरी तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. काशीगावातल्या रहिवाशासाठी म्हणजे ठाण्याला. तिथून पुढे चौकशी होते. देशात येण्या-जाण्याच्या नोंदी इमिग्रेशन विभागाकडेही असतात. जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर कलम १७ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. महत्त्वाची माहिती दडवून मिळवलेलं नागरिकत्व नंतर काढूनही घेता येतं.

परदेशातल्या मराठी कुटुंबांचं काय?

नियम वेगळे, पण हिशोब तोच. अमेरिकेत साधारणपणे पाच वर्षांपैकी किमान ३० महिने देशात असावं लागतं आणि सहा महिन्यांहून लांबलेली एखादी भारतवारीही अडचणीची ठरू शकते. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण मर्यादा पाच वर्षांत ४५० दिवस बाहेर, त्यातही शेवटच्या वर्षात ९०. कॅनडात पाच वर्षांत १,०९५ दिवस देशात काढावे लागतात.

अर्ज करायला अजून वेळ असेल, तर तक्ता आजच सुरू करा. परतल्यावर बॅग रिकामी करताना दोन तारखा लिहायला एक मिनिट लागतं. नऊ वर्षांनी त्याच तारखा शोधायला महिने जातात.