पडद्यामागचा गळा

आमच्या ताईचे इंग्रजी चित्रपटांविषयी फारसे बरे मत नाही. ‘ते काय बोलतात ते कळत नाही, आणि कळले तरी घरी येऊन सांगण्यासारखे नसते,’ असे ती म्हणते. म्हणून यंदाच्या आषाढात, बाहेर पाऊस कोसळत असताना, मी तिला ‘सिंगिंग इन द रेन’ पाहायला बसवले, तेव्हा तिने आधी गवारीची परडी पुढ्यात ओढली. चित्रपट आवडला नाही तर निदान भाजी तरी निवडून होईल, हा हिशेब! चित्रपट पावणेदोन तासांचा. गवार मात्र अर्धीच निवडून झाली.

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात कथा सांगतो. काळ १९२७ चा, स्थळ हॉलिवुड. डॉन लॉकवुड आणि लीना लॅमाँट ही मूकपटांतली लाडकी जोडी. पडद्यावर ती एकमेकांवर जीव ओवाळून टाकतात, आणि पडदा पडला की डॉनला तिचे तोंडही पाहवत नाही. इतक्यात ‘द जॅझ सिंगर’ हा चित्रपट येतो, त्यात माणसे बोलू-गाऊ लागतात, आणि साऱ्या स्टुडिओंची झोप उडते. आता या जोडीलाही बोलावे लागणार! आणि इथेच सगळे घोडे पेंड खाते. लीना दिसायला अप्सरा, पण तोंड उघडले की पत्र्यावर खिळा ओढल्याचा भास!

मग ध्वनिमुद्रणाची जी फजिती दाखवली आहे तिला तोड नाही. मायक्रोफोन झुडपात लपवला, तर बाई बोलताना मान फिरवतात आणि अर्धे वाक्य हवेत जाते. तो अंगावरच्या कपड्यांत लपवला, तर वाक्याऐवजी काळजाचे ठोके ऐकू येतात. शेवटी एकदाचा बोलपट तयार होऊन लोकांपुढे येतो, तर मध्येच चित्र आणि आवाज यांची फारकत होते. खलनायकाच्या तोंडी नायिकेचा आवाज, आणि नायिकेच्या तोंडी खलनायकाचा! ताईने इथे हातातली शेंग खाली ठेवली.

यात अतिशयोक्ती आहे, पण निव्वळ कल्पना नाही. आपल्याकडेही १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ लागला आणि पुष्कळांचे धाबे दणाणले. मूकपटांची सम्राज्ञी सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, हिला हिंदुस्तानी नीट येत नव्हती. तिने एक वर्ष काम थांबवून ती भाषा शिकून घेतली आणि मग पुन्हा उभी राहिली. लीनाला हे सुचले नाही. तिच्यासाठी दुसरीच युक्ती निघाली: चेहरा लीनाचा आणि गळा कॅथी सेल्डन नावाच्या एका धडपड्या मुलीचा. या कॅथीवर आपल्या डॉनसाहेबांचा जीव जडलेला, हे सांगायला नकोच.

हा चित्रपट १९५२ साली एम.जी.एम.ने काढला, दिग्दर्शक जीन केली आणि स्टॅन्ली डोनेन. त्याचा जन्म मोठा गमतीचा आहे. निर्माता आर्थर फ्रीड हा स्वतः गीतकार. त्याने आणि नॅसिओ हर्ब ब्राउन याने पूर्वी केलेली बरीच गाणी पडून होती. खुद्द पावसाचे गाणेदेखील १९२९ सालच्या एका बोलपटात येऊन गेलेले. बेटी कॉम्डेन आणि अडॉल्फ ग्रीन या लेखकद्वयाला हुकूम झाला की या गाण्यांभोवती एक कथा गुंफा. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायचा हा प्रकार. पण गोधडी अशी उबदार निघाली की सत्तर वर्षांनंतरही उसवलेली नाही.

पाहताना वाटते की ही मंडळी नुसती मजा करीत आहेत. प्रत्यक्षात पावसाचे ते गाणे चित्रित झाले तेव्हा नायकाचे काम करणाऱ्या केलीच्या अंगात १०३ अंश ताप होता. पाणी साचावे म्हणून रस्त्यात मुद्दाम खळगे खणलेले, आणि त्या डबक्यांत हा गृहस्थ छत्री मिटून पोरासारखा नाचतो आहे! कॅथी झालेली डेबी रेनॉल्ड्स अवघी एकोणीस वर्षांची. अशा नाचाचे शिक्षण नाही. एकदा ती पियानोखाली बसून रडत होती आणि फ्रेड ॲस्टेअरने तिला पाहिले. त्याने तिला आपल्या तालमीला नेऊन बसवले आणि एवढ्या मोठ्या नर्तकालाही किती घाम गाळावा लागतो ते दाखवले, असे तिने पुढे लिहून ठेवले आहे. सोफा उलटा करून संपणारा तो तिघांचा नाच सकाळी सुरू झाला आणि रात्री संपला तेव्हा तिच्या पायांतून रक्त येत होते. पडद्यावर मात्र हसू!

असो. मला सांगायचे आहे ते शेवटच्या प्रसंगाविषयी.

बोलपट गाजतो, लीना रंगमंचावर येते आणि प्रेक्षक तिला गाण्याचा आग्रह करतात. पडद्यामागे मायक्रोफोनपाशी कॅथीला उभे केले जाते. पुढे लीना नुसते ओठ हलवते, मागे कॅथी गाते. आणि मग डॉन, त्याचा मित्र कॉस्मो आणि स्टुडिओचे मालक असे तिघे मिळून दोरी ओढतात आणि पडदा वर जातो! 

ताई म्हणाली, ‘थांब. परत दाखव.’

हे एवढ्यासाठी सांगितले की १९६३ साली आमच्या चाळीच्या गणेशोत्सवात एक संगीत नाटक झाले होते. नायिका दिसायला देखणी, पण सुराशी तिचे वैर. ताई तेव्हा सोळा वर्षांची. विंगेत, पेटीवाल्याच्या मागे स्टुलावर बसून तिने सगळी पदे म्हटली. चांदीचे पदक नायिकेला मिळाले आणि ताईला मिळाला एक पेढा, तोही तिने मला दिला! मी तेव्हा सात वर्षांचा होतो. पेढा खाल्ला आणि विसरलो. इतक्या वर्षांत ताईने कधी तो विषय काढला नाही. मला वाटले, आज जुनी जखम ओली होणार.

दोनदा तो प्रसंग पाहून झाल्यावर ती म्हणाली, ‘त्या पुढे उभ्या राहिलेल्या मुलीला फारच हसतात रे हे लोक. आमची ती तर पडदा उघडायच्या आधी नुसती थरथरत होती. माझा हात सोडीना.’

मग मी तिला खरी मेख सांगितली. लीनाचे काम करणाऱ्या जीन हेगन या नटीचा स्वतःचा आवाज चांगला भारदस्त होता. इतका, की चित्रपटात कॅथी लीनासाठी संवाद बोलते असे दाखवले आहे, तिथे ऐकू येतो तो जीन हेगनचाच खरा आवाज! म्हणजे बेसूर म्हणून जिला हसायचे, तीच पडद्यामागे. ऑस्करसाठी तिचे नाव गेले, पण बक्षीस दुसरीला मिळाले. आणि ‘वुड यू?’ हे गाणे कॅथी लीनासाठी गाते असे आपण पाहतो, ते डेबी रेनॉल्ड्सनेही गायिलेले नाही. ते बेटी नॉइज नावाच्या गायिकेचे, आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीत तिचे नावच नाही. पडद्यामागच्या गळ्याला न्याय द्या म्हणून सांगणाऱ्या चित्रपटाने स्वतः हेच करावे ना! मला चित्रपट जिवापाड आवडतो. तरी हे मी त्याला माफ करीत नाही.

आपल्याकडे तरी काय वेगळे होते? १९४९ च्या ‘महल’मधल्या त्या प्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर गाणारीचे नाव ‘कामिनी’ असे छापले होते. कामिनी म्हणजे चित्रपटातली नायिका! लोकांनी रेडिओला पत्रे लिहून विचारले, तेव्हा लता मंगेशकर हे नाव पुढे आले. फिल्मफेअरने पार्श्वगायनाला पारितोषिक द्यायला सुरुवात केली तीदेखील १९५९ साली.

ताई हे ऐकत होती की नव्हती, कोण जाणे. तिने परडी पुन्हा पुढ्यात घेतली, दोन शेंगा मोडल्या आणि विचारले, ‘काय नाव म्हणालास तिचे? गाणारीचे?’

‘बेटी नॉइज.’

‘बेटी नॉइज,’ ती स्वतःशी म्हणाली. मग, ‘छान गाते. बरं, आता ते पावसातले लाव बघू. आणि आवाज थोडा मोठा कर, बाहेर फार कोसळतोय.’