माणूस एका चाचणीत मावत नाही

दहावी-बारावीचे निकाल लागले की बोरीवलीतल्या माझ्या समुपदेशन केंद्रात पालकांची वर्दळ सुरू होते. "मॅडम, याची पर्सनॅलिटी टेस्ट घ्या, म्हणजे पुढे काय करायचं ते कळेल," ही मागणी नेहमीची. चाचणी मी घेते. पण ती काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे आधी समजावते.

सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे प्रश्नावली. 'अनोळखी माणसांशी मी सहज बोलतो,' अशी विधानं असतात. ती आपल्याला कितपत लागू पडतात ते आपणच नोंदवायचं. यामागे मोठा खटाटोप आहे. १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोशातून स्वभाव सांगणारे जवळपास १८ हजार शब्द वेचले. अशा शब्दांची चाळण होत होत आज बहुतेक संशोधक पाच मुख्य गुण मानतात : नव्या अनुभवांची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थैर्य. प्रत्येक गुण प्रत्येकात कमी-अधिक असतोच.

अडचण अशी की, उत्तर देणारा स्वतःला जसा पाहतो तसंच लिहितो. गोराईच्या एका मुलाने वरच्या विधानापुढे 'अजिबात नाही' अशी खूण केली होती. गप्पांत कळलं, आईच्या मासळीच्या टोपलीमागे बसून तो सकाळभर गिऱ्हाइकांशी बोलतो. गप्प होतो तो कॉलेजच्या वर्गात. प्रसंगानुसार वागणं किती बदलतं, हा मुद्दा वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये ठासून मांडला होता. म्हणून मुलाखत आणि प्रत्यक्ष निरीक्षण लागतंच.

दुसरी वाट प्रक्षेपण तंत्रांची. हर्मन रोर्शाक यांनी १९२१ मध्ये शाईच्या डागांची दहा कार्डं प्रसिद्ध केली. १९३५ मध्ये ख्रिस्तियाना मॉर्गन आणि हेन्री मरे यांनी धूसर चित्रांवरून गोष्ट रचायला सांगणारी टॅट चाचणी आणली. इथे माणूस नकळत व्यक्त होतो. मात्र अर्थ लावणाऱ्यांत एकमत होणं कठीण, म्हणून या चाचण्यांवर वाद आहेत.

या पद्धती एकत्र कशा वापराव्यात याचा उत्तम नमुना म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्यांची निवड करणारं एसएसबी. छत्रपती संभाजीनगरच्या सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूटमध्ये १९७७ पासून महाराष्ट्रातली मुलं याच वाटेची तयारी करतात. एसएसबीत चित्र ३० सेकंद पाहून चार मिनिटांत गोष्ट लिहायची. साठ शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, मनात येईल ते वाक्य उतरवायचं. पण निकाल एकटा मानसशास्त्रज्ञ देत नाही. मुलाखत घेणारा अधिकारी आणि मैदानावर गटकार्य पाहणारा अधिकारी आपापलं मत स्वतंत्रपणे बनवतात. मनसा, वाचा, कर्मणा असं हे तत्त्व आहे.

सतरा वर्षांच्या मुलाच्या भविष्याबाबतही एवढी काळजी घ्यायला हवी. बर्ट्रम फोरर यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलं की, सगळ्यांना एकच मोघम वर्णन दिलं तरी प्रत्येकाला ते आपलंच वाटतं. तेव्हा मोबाइलवरच्या दहा प्रश्नांवर मुलाला शिक्का मारू नका. चाचणी करून घ्यायचीच असेल तर घेणाऱ्याला विचारा : ही चाचणी भारतीय मुलांवर प्रमाणित झाली आहे का? पुन्हा दिली तर निकाल तसाच येतो का? आणि अहवालाबरोबर तुम्ही मुलाशी बोलणार आहात का? तिसऱ्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आलं, तर तिथून उठा.