दिनांक-मजकुराचे टाइमस्टॅम्पमध्ये रूपांतर

दिनांक-मजकुराचे टाइमस्टॅम्पमध्ये रूपांतर ही संगणक प्रोग्रॅमिंगमधील एक मूलभूत क्रिया आहे. अक्षरे व अंक यांनी लिहिलेली तारीख (उदा. '५ नोव्हेंबर २०२३, सकाळी १०:३०') वाचून तिचे एका संख्येत रूपांतर करणे, असे या क्रियेचे स्वरूप असते. या संख्येस टाइमस्टॅम्प किंवा कालमुद्रा म्हणतात. तारखांचा क्रम लावणे, दोन घटनांमधील अंतर काढणे आणि निरनिराळ्या देशांतील नोंदींची तुलना करणे ही कामे मजकुरापेक्षा संख्येवर सहज व अचूक होतात.

स्वरूप

सर्वाधिक प्रचलित असलेल्या युनिक्स पद्धतीत १ जानेवारी १९७० रोजीच्या समन्वित वैश्विक वेळेनुसार (यूटीसी) मध्यरात्रीपासून मोजलेले सेकंद म्हणजे टाइमस्टॅम्प होय. त्यापूर्वीच्या क्षणांची संख्या ऋण असते. प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचा धरला जातो. लीप सेकंद मोजले जात नाहीत.

सांगली येथे १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' या नाटकाचा प्रयोग केला. त्याच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन मानला जातो. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी सकाळी १०:३० वाजता सांगलीत सुरू होणाऱ्या एखाद्या कार्यक्रमाचा टाइमस्टॅम्प पुढीलप्रमाणे निघतो :

१. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असल्याने ते वजा करून यूटीसी वेळ ०५:०० येते.
२. १ जानेवारी १९७० ते ५ नोव्हेंबर २०२३ या काळात १९,६६६ दिवस होतात. त्यांत १३ लीप दिवस धरलेले आहेत.
३. १९,६६६ × ८६,४०० = १,६९,९१,४२,४०० सेकंद.
४. त्यात ५ तासांचे १८,००० सेकंद मिळवून १,६९,९१,६०,४०० ही संख्या मिळते.

काही भाषा, उदाहरणार्थ जावास्क्रिप्ट, सेकंदांऐवजी मिलिसेकंद मोजतात. वरील संख्या चुकून मिलिसेकंद म्हणून वाचली गेल्यास तीच तारीख २० जानेवारी १९७० होते. संगणकीय नोंदींत जानेवारी १९७० मधील अनपेक्षित तारखा दिसल्यास बहुधा हेच कारण असते.

मजकूर वाचताना येणाऱ्या अडचणी

दिवस-महिन्याचा क्रम : भारतात ०५/११ म्हणजे ५ नोव्हेंबर, तर अमेरिकी पद्धतीने ११ मे. दोन्ही अर्थ वैध असल्याने संगणक चूक दाखवत नाही. दिवस १२ पेक्षा मोठा असेल तेव्हाच घोटाळा उघड होतो. यासाठी आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठरविला आहे.

दोन अंकी वर्ष : अनेक प्रणाली ६९ ते ९९ हे अंक विसाव्या शतकातील व ०० ते ६८ हे एकविसाव्या शतकातील मानतात. त्यामुळे '९/९/४२' ही तारीख १९४२ ऐवजी २०४२ म्हणून नोंदली जाऊ शकते.

मराठी मजकूर : देवनागरी अंक बहुतेक प्रणालींत आधी आंतरराष्ट्रीय अंकांत बदलून घ्यावे लागतात. 'ऑगस्ट' व 'ऑगष्ट', 'सप्टेंबर' व 'सप्टें.' अशी पर्यायी रूपे, 'दि.' व 'रोजी' यांसारखे शब्द आणि 'सकाळी', 'दुपारी', 'सायंकाळी' ही कालदर्शक पदे यांची सूची प्रोग्रॅमला पुरवावी लागते. 'रात्री १२' हा शब्दप्रयोग दिवसाचा आरंभ दर्शवतो की शेवट, हे केवळ मजकुरावरून ठरत नाही.

कालविभाग आणि एका दिवसाची चूक

मजकुरात कालविभाग लिहिलेला नसेल, तर प्रोग्रॅम तो गृहीत धरतो. जावास्क्रिप्टमध्ये आयएसओ पद्धतीने लिहिलेली नुसती तारीख यूटीसीनुसार वाचली जाते. मात्र तिला वेळ जोडल्यास तीच तारीख स्थानिक कालविभागानुसार वाचली जाते.

जन्मतारखेच्या नोंदीत याचा परिणाम गंभीर होऊ शकतो. २ जून ही जन्मतारीख भारतीय मध्यरात्र मानून यूटीसीत रूपांतरित केली, तर ती १ जून, १८:३० अशी होते. पुढे त्यातील वेळ गाळून केवळ तारीख साठवली, की २ जूनची १ जून होते. शासकीय सेवेत सामान्यतः वयोमर्यादा पूर्ण होण्याच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती मिळते. परंतु महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे नोंदीतील एका दिवसाच्या फरकाने निवृत्ती ३० जूनऐवजी ३१ मे रोजी येते आणि एक महिन्याची सेवा कमी होते. पूर्वी जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलांच्या नावापुढे शाळेत १ जून ही तारीख लिहिण्याचा प्रघात महाराष्ट्रात होता. अशा नोंदी याच चुकीने ३१ मे होतात व मूळ दाखल्याशी जुळत नाहीत. म्हणून ज्या माहितीत वेळेला अर्थ नाही, ती टाइमस्टॅम्पऐवजी केवळ तारीख या प्रकारात साठवणे योग्य मानले जाते.

ऐतिहासिक तारखा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातील घड्याळे एक तास पुढे करण्यात आली होती. संगणकांत वापरल्या जाणाऱ्या कालविभाग-कोशानुसार १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारतीय वेळ यूटीसीच्या ६ तास ३० मिनिटे पुढे होती. सातारा जिल्ह्यातील वडूज येथे ९ सप्टेंबर १९४२ रोजी मोर्चावर झालेला गोळीबार, ज्यात परशुराम घार्गे हुतात्मा झाले, आणि ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे क्रांतिकारकांनी रेल्वेगाडीवर घातलेला छापा या घटना त्याच काळातील आहेत. ९ सप्टेंबर १९४२ च्या स्थानिक मध्यरात्रीचा टाइमस्टॅम्प −८६,१९,४९,८०० असा येतो. नेहमीचे साडेपाच तास धरल्यास तो −८६,१९,४६,२०० होतो, म्हणजे ३,६०० सेकंदांची चूक होते.

१८४३ सालच्या घटनांबाबत वेगळी अडचण येते. त्या काळी देशभर एकच प्रमाणवेळ नव्हती. भारतासाठीच्या 'एशिया/कोलकाता' या नोंदीत त्या काळासाठी कोलकात्याची स्थानिक वेळ (५ तास ५३ मिनिटे २८ सेकंद) दिलेली आहे. सांगलीच्या रेखांशानुसार तेथील स्थानिक वेळ यूटीसीच्या सुमारे ४ तास ५८ मिनिटे पुढे येते. त्यामुळे जवळपास ५५ मिनिटांचा फरक पडतो.

शके व तिथी यांत दिलेल्या तारखा साध्या गणिताने रूपांतरित होत नाहीत. त्यांसाठी पंचांगगणित किंवा जंत्री आवश्यक असते. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख ज्युलियन पद्धतीची असून ग्रेगोरियन पद्धतीने ती १६ जून येते. पायथनसारख्या भाषा सर्व तारखा ग्रेगोरियन मानत असल्याने ६ जून तशीच दिल्यास दहा दिवसांचा फरक पडतो.

मर्यादा

३२ बिटांच्या चिन्हांकित संख्येत १३ डिसेंबर १९०१ ते १९ जानेवारी २०३८ एवढाच काळ मावतो. भारतीय प्रमाणवेळेनुसार ही मुदत १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपेल. १८४३ सारख्या जुन्या तारखा या मर्यादेबाहेर पडतात. ६४ बिटांच्या संख्येत ही अडचण उरत नाही.

रूपांतरानंतरही मूळ मजकूर जपून ठेवण्याची शिफारस केली जाते. गृहीत धरलेला क्रम किंवा कालविभाग चुकीचा ठरल्यास केवळ संख्येवरून मूळ तारीख खात्रीने परत मिळवता येत नाही.