निकाल लागणे आणि नंबर लागणे

मराठीत निकाल ‘लागतो’, कॉलेजात नंबर ‘लागतो’ आणि ठेचही ‘लागते’. एकाच क्रियापदाच्या छपराखाली तिघे नांदतात, म्हणून असेल कदाचित, पण आपल्या घरांतून त्यांची सर्रास गल्लत होते. बारावीचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात, नातेवाइकांचे फोन येतात. पुढे महिना-दीड महिन्याने प्रवेशाची यादी लागते. त्यात हवे ते कॉलेज दिसले नाही की त्याच घरात सुतकी शांतता पसरते. मुलगी तीच, तिचे गुण तेच, तिने केलेला अभ्यासही तेवढाच. मग मधल्या काळात बिघडले काय?

निकाल आणि नंबर ही दोन वेगळी मापे आहेत. पालकांची पिढी पहिल्या मापावर वाढली, मुलांची पिढी दुसऱ्या मापाने मोजली जाते, आणि घरातली बोली मात्र अजून पहिल्याच मापाची आहे. प्रवेशाच्या दिवसांत घरोघर जे ताण निर्माण होतात, त्यांचे एक मूळ इथे सापडते.

उंबरठ्याची परीक्षा

ही गल्लत एके काळी गल्लत नव्हतीच. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि त्याची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली. न्यायमूर्ती रानडे त्याच पहिल्या तुकडीतले. मॅट्रिक ही शाळा संपल्याची परीक्षा आहे असे आपण पुढे समजू लागलो. मुळात ती विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. उत्तीर्ण झाला तो विद्यापीठात शिकायला पात्र ठरला. निकाल लागणे आणि नंबर लागणे यांत अंतर नव्हते.

ही परीक्षा उंबरठ्यासारखी होती. ज्याचा पाय वर उचलला गेला तो आत. शेजाऱ्याने पाय किती उंच उचलला याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. स्वातंत्र्यानंतर परीक्षा विद्यापीठाकडून मंडळाकडे आली, मॅट्रिकची एस.एस.सी. झाली, १९७५ मध्ये अकरावीऐवजी दहावीला शालान्त परीक्षा आली. तरी उंबरठ्याची कल्पना टिकून राहिली. त्या काळातले अपयशही नेमके असे. ‘गणितात गेला’, ‘इंग्रजीत उडाला’ असे म्हणत. ज्यात उडाला तो विषय ठाऊक, पुन्हा बसण्याचा महिना ठाऊक. ‘ऑक्टोबरची वारी’ हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. त्यात चेष्टा होती, पण वारीला गेलेला माणूस परत येतो हा दिलासाही होता.

अशा अपयशावर ‘आणखी अभ्यास कर’ हा सल्ला बरोबर लागू पडत असे. आजचे पन्नाशीतले आई-वडील हा सल्ला देतात तेव्हा ते कठोर असतात असे नाही. त्यांच्या काळी चाललेले औषध ते आज काढून देतात, एवढेच.

रांगेचे गणित

जागा मोजक्या आणि मागणारे फार, असे झाले की उंबरठा पुरत नाही, रांग लावावी लागते. १९८३ मध्ये महाराष्ट्राने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या, पण मागणी त्याहून वाढली आणि ठरावीक कॉलेजांभोवतीच दाटली. मग सामायिक प्रवेश परीक्षा आल्या. आता प्रश्न ‘येते का?’ असा राहिला नाही. ‘तुझ्यापुढे किती जण आहेत?’ असा झाला.

राज्याच्या सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. पुष्कळ घरांत त्याला टक्केवारीचे भावंड समजतात. टक्के सांगतात, पेपरातले किती आले. पर्सेंटाइल सांगते, बसलेल्यांपैकी शंभरात किती जण तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. समजा, चार लाख मुले परीक्षेला बसली. ९९ पर्सेंटाइलच्या मुलापुढे सुमारे चार हजार मुले असतील. ९८ वाल्यापुढे आठ हजार. टक्क्यांत एकाचा फरक म्हणजे काहीच नाही; इथे तो चार हजार माणसांचा जमाव आहे.

यातून एक विचित्र गोष्ट संभवते. दोन वर्षांपूर्वी मोठ्या भावाला जितके गुण होते, त्याहून धाकटीला जास्त मिळतील आणि तरी तिचे पर्सेंटाइल कमी येईल. कारण बाकीच्यांचेही गुण वाढले. ती मागे गेली नाही, रांग पुढे सरकली. तिला ‘दादाएवढाही अभ्यास केला नाहीस’ असे म्हणणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय गणितातही चुकीचे आहे. नीटला सारखे गुण मिळालेल्यांतही क्रम लावावाच लागतो, आणि तिथे जीवशास्त्रातले गुण आधी पाहिले जातात. तेवढ्याने कोणाची जागा जाते, कोणाची राहते. त्यातून मुलीच्या कष्टाळूपणाविषयी काय कळते? काहीही नाही.

रांगेचे नियमही अधूनमधून बदलतात. मुंबईतल्या अकरावी प्रवेशाचेच पाहा. २००८ मध्ये शासनाने पर्सेंटाइलचे सूत्र आणले, ते उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ मध्ये ९०:१० आले, तेही गेले. २०१० मध्ये ‘बेस्ट फाइव्ह’ उच्च न्यायालयात रद्द झाले आणि सर्वोच्च न्यायालयात तरले. तीन वर्षे ओळीने पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी आपले भवितव्य न्यायालयाच्या तारखांवर लोंबकळताना पाहिले. २०१६ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या मुलांवर तीच पाळी आली: राज्याची सीईटी की नीट, हा घोळ मे महिन्यापर्यंत चालला. २०२४ मध्ये नीटच्या १,५६३ परीक्षार्थींचे वाढीव गुण निकालानंतर रद्द झाले. या साऱ्यांत मुलांच्या हाती काय होते?

पसंतीक्रमाची यादी

मुलांच्या हाती एक गोष्ट मात्र खरोखर असते, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. ती म्हणजे पसंतीक्रमाची यादी. प्रवेशाच्या दिवसांत परिचितांची मुले ती घेऊन माझ्याकडे येतात. दोन वर्षे क्लासला घातलेली असतात आणि यादी एका संध्याकाळी, मागच्या वर्षीचे कट-ऑफ समोर ठेवून, बहुधा वडिलांनी भरलेली असते.

या यादीमागे एक सुंदर सिद्धान्त आहे. १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी कॉलेजप्रवेश आणि विवाह जुळवणी यांवर मिळून एक छोटा शोधनिबंध लिहिला. त्यांची रीत अशी: प्रत्येक विद्यार्थी आधी आपल्या पहिल्या पसंतीकडे जातो. कॉलेज आलेल्यांतले वरचे तेवढे तात्पुरते धरून ठेवते, बाकीच्यांना परत पाठवते. परतलेले दुसऱ्या पसंतीकडे जातात. तिथे त्यांचा क्रम वरचा असेल तर आधी धरून ठेवलेला बाहेर पडतो. असे करता करता कोणाला हलायला जागा उरत नाही, तिथे जुळवणी संपते. या संशोधनपरंपरेसाठी शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आयआयटी आणि एनआयटीच्या संयुक्त जागावाटपात २०१५ पासून याच जातीची पद्धत आहे. राज्याच्या केंद्रीय फेऱ्यांतही गुणवत्ता यादीच्या क्रमाने प्रत्येकाची पसंती वरून खाली वाचली जाते.

याचा व्यवहारातला अर्थ असा की मनातले कॉलेज वर लिहिल्याने खालच्या कॉलेजातला हक्क कमी होत नाही. ते मिळाले नाही तर यंत्रणा पुढच्या ओळीवर येते, तुमचा क्रम तोच धरून. ‘हातचे सोडून पळत्याच्या मागे लागू नये’ ही म्हण आपल्या मनात इतकी मुरली आहे, की पालक मिळण्याजोगे कॉलेज वर ओढतात आणि हवेसे खाली ढकलतात. मग मिळण्याजोगे मिळते आणि हवेसे वाचलेच जात नाही.

याला एक आडकाठी आहे आणि ती नीट समजून घ्यावी. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की ते घ्यावेच लागते, असा नियम अकरावीलाही आहे. २०२५ च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींपैकी काही मिळाले तर जागा आपोआप गोठत असे. म्हणजे वरच्या ओळींत जे लिहायचे ते जायची खरी तयारी असेल तरच. हे तपशील वर्षागणिक बदलतात, तेव्हा त्या वर्षाची माहितीपुस्तिका हाच प्रमाणग्रंथ.

म्हणून यादी भरणे हे कारकुनी काम नाही. शाखा मोठी की कॉलेज? घरापासून किती दूर? वसतिगृहाचा खर्च झेपेल का? कर्ज काढायचे तर किती? हे प्रश्न यादीआधी बोलून घ्यावे लागतात, आणि पैशाचा आकडा मुलासमोर मोकळेपणाने ठेवावा लागतो. आकडा लपवून नंतर ‘तुझ्यासाठी किती केले’ असे सुनावण्यापेक्षा, ‘एवढे झेपेल, एवढे नाही’ हे आधी सांगितलेले मुलाला पचते.

कोणाचे काम कोणते

या सगळ्यात पालकांचे स्वतःचे असे एक काम आहे. अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता प्रमाणपत्र. वैधता प्रमाणपत्राला महिनोन् महिने लागू शकतात, आणि ते मुदतीत हाती आले नाही म्हणून मिळणारी जागा जाते. या ठेचेला मुलाचा अभ्यास कारण नसतो. अकरावीतच ही कागदपत्रे मार्गी लावणे हा कोणत्याही उपदेशापेक्षा मोठा आधार आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. मुलाचा नंबर हुकला तर त्याला ‘रिपीट’ करू देतात. मुलीचा हुकला की ‘जवळच्या कॉलेजात बी.एस्सी. कर’ म्हणतात. बी.एस्सी. वाईट नाही, पण ती तिची निवड आहे की तिच्या अपयशाचा घरच्यांनी घेतलेला लाभ, हे पाहिले पाहिजे. २०२४-२५ पासून आठ लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्नाच्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शुल्कमाफी राज्याने दिली आहे. पैशाची सबब त्यामुळे बऱ्याच घरांत उरली नाही. दुसरी सबब कोणती आहे, हे त्या घरांनी स्वतःशी बोलावे.

‘रिपीट’चा निर्णयही असाच तपासून घ्यावा. जेईई ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते, नीटला संधींची मर्यादा नाही. मर्यादा नसणे ही सवलत वाटते, पण थांबायचे कधी हे मग घरालाच ठरवावे लागते. पहिल्या वेळी नेमके काय अडले ते मुलाला सांगता येते का? वर्ष मागणारा तो आहे की आपण? एकच वर्ष, हे आधी ठरले आहे का? आणि यंदाही नाही झाले तर पुढे काय, याचे उत्तर आज हाती आहे का? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली तर वर्ष सत्कारणी लागण्याची आशा धरता येते.

ठेच लागल्यावर

१८७५ मध्ये कोकणातल्या मुरुडहून एक मुलगा सोबत्यांबरोबर पायी साताऱ्याला निघाला. वाट शंभर मैलांहून अधिक, दिवस पावसाळी, मध्ये सह्याद्री. परीक्षेला पोहोचला तर वय सतराहून कमी दिसते म्हणून त्याला बसूच दिले नाही. तो खरोखर सतरा वर्षांचा होता. पुढच्या वर्षी कोल्हापूरला तीच परीक्षा देऊन तो उत्तीर्ण झाला. हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे ते भारतरत्न झाले म्हणून ही गोष्ट सांगत नाही. नाकारली गेलेली सगळीच मुले महर्षी होत नसतात आणि व्हावीत अशी अपेक्षाही नसावी. पाहायचे ते एवढेच, की दारावरच्या माणसाने नाही म्हटले त्या दिवशी कर्व्यांना जे येत होते ते दुसऱ्या दिवशीही येत होते.

आजच्या मुलाला हे त्या दिवशी आपणहून सुचत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदींनुसार २०२२ मध्ये देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. प्रत्येकामागे परीक्षाच होती असे नाही, अशा मृत्यूला एकच कारण क्वचित असते. पण निकालाच्या आणि याद्यांच्या दिवसांत घराने सावध राहावे, एवढे त्यातून नक्की कळते. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, ‘माझा काही उपयोग नाही’ असे बोलू लागले असेल, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे सोडू नये आणि ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असलेला बाहेर येतो. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

यादी लागल्यानंतरचा पहिला तास घराने प्रश्नांसाठी वापरू नये. नातेवाइकांचे फोन आईने किंवा वडिलांनी घ्यावेत आणि मुलाच्या वतीने खुलासे देऊ नयेत. ‘अजून फेऱ्या बाकी आहेत’ एवढे उत्तर पुरे, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. दुसऱ्या दिवशी सकाळी माहितीपुस्तिका काढून पुढच्या फेरीची तारीख, पैसे भरण्याची मुदत आणि सोडून देता येणाऱ्या जागेचे नियम मुलासोबत बसून वाचावेत. दहावीनंतर पदविका करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणारी मुले दर वर्षी असतात. दहावी-बारावीला ऑक्टोबरऐवजी आता जुलैतच पुरवणी परीक्षा होते, त्यामुळे पूर्वीसारखे अख्खे वर्षही जात नाही. या वाटा त्या सकाळी शोधत बसावे लागू नये. यादी लागण्याआधीच त्या कागदावर लिहून ठेवलेल्या असाव्यात, मुलाच्याच अक्षरात.