अश्वारूढ प्रतिमेतील सत्ता

राजाचे चित्र काढावयाचे तर त्यास घोड्यावर बसवावे, ही कल्पना आपल्या मनात इतकी रुजली आहे की तिचे कारण आपण सहसा विचारीत नाही. आमच्या डिचोलीच्या शाळेत एका विद्यार्थ्याने मात्र ते नकळत विचारले. वर्गातील शिवछत्रपतींच्या तसबिरीकडे पाहत तो म्हणाला, "सर, महाराज कुठे निघाले आहेत?" उत्तर देऊ लागलो तेव्हा माझ्या ध्यानात आले की महाराज कोठेच निघालेले नाहीत. असे चित्र प्रवासाचे नसते. ते पदाचे असते.

त्याचे मर्म लगामात आहे. घोडा हा स्वाराहून कितीतरी बलवान प्राणी. तो एका हाताने आवरलेला असतो. म्हणून चित्रकार घोड्याची मान ताठ वाकवितो, नाकपुड्या फुलवितो आणि स्वाराची मुद्रा मात्र निश्चल ठेवतो. सारा आवेग खाली, सारी शांती वर. (घोड्याचा पाय उचललेला असेल तर स्वार रणात पडला, असा जो संकेत सांगितला जातो, त्यास काही आधार नाही.)

तिशियन या इटालियन चित्रकाराने १५४८ साली बादशहा पाचवा चार्ल्स याचे असेच चित्र रंगविले. आदल्या वर्षी म्यूलबर्ग येथे त्याने विजय मिळविला होता. चित्रात शत्रू नाही, सैन्य नाही, प्रेत नाही. चिलखतधारी बादशहा भाला घेऊन एकटाच आहे. वस्तुतः तो संधिवाताने जर्जर झालेला होता. चित्रात त्याची खूण शोधूनही सापडत नाही.

आपल्याकडील रीत निराळी. मीर महंमद याने काढलेले शिवाजी महाराजांचे अश्वारूढ चित्र निकोलाव मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाच्या संग्रहातून पॅरिसला गेले. संभाजीराजांच्या स्वारीच्या वेळी, १६८३-८४ मध्ये, गोव्याच्या विजरईच्या वतीने बोलणी करणारा मनुची तो हाच. येथे राजा एकटा नाही. शस्त्रधारी पायदळ मागेपुढे चालते आहे आणि त्या पायी माणसांमुळेच स्वाराची उंची डोळ्यांत भरते. महाराजांचा चेहरा एका बाजूने दाखविला आहे. ते आपल्याकडे पाहत नाहीत. तिशियनचा बादशहाही आपल्याकडे पाहत नाही. प्रेक्षकाची दखल न घेणे हाही अधिकाराचाच एक भाग असावा.

जुन्या गोव्यातील पोर्तुगीज विजरयांच्या चित्रमालिकेत मात्र असे घोडे नाहीत. १५४७ च्या सुमारास झुआंव द कास्त्रू याने ती मालिका सुरू करविली. गास्पार कुर्रैय याच्या देखरेखीखाली एका स्थानिक चित्रकाराने ती रंगविली. त्यांतील अधिकारी उभे आहेत. माझा तर्क असा की, त्यांची सत्ता लिस्बनहून आलेल्या नेमणुकीची होती. राजाचा लगाम दुसऱ्याच्या हाती होता, तेव्हा घोडा कोणी रंगवावा?

आणि आमच्या पेडणे-डिचोलीत? आदिलशाही, मराठे, वाडीचे सावंत-भोसले, मग अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज, इतक्या सत्ता येथून गेल्या. पण सामान्य माणसाच्या घरी अश्वारूढ चित्र कोठून असणार! त्याने ते रंगविले नाही, नाचविले. शिगम्यातील घोडेमोडणी ही मला याच कुळातील वाटते. सत्तरीच्या राण्यांच्या पराक्रमाशी लोक तिचा संबंध जोडतात. लाकडी घोड्याचे मुख कमरेपुढे बांधलेले, डोक्यास फुलांनी सजविलेले पागोटे, एका हाती लगाम, दुसऱ्या हाती उगारलेली तलवार. ढोल-ताशावर स्वार पुढे झेपावतात, पुन्हा मागे येतात. तिशियनने वापरलेल्या खुणा जवळजवळ सगळ्या येथे आहेत. उणा आहे तो फक्त घोडा.

एरवी हाच माणूस शेतात चिखल तुडवीत असतो. त्या दिवशीही झुलीखाली त्याचे स्वतःचेच पाय दिसतात. घोड्याचा भार तोच वाहतो आणि लगामही तोच आवरतो. हे सर्वांना ठाऊक असते. तरीही तलवार उगारून तो पुढे आला की गर्दी वाट सोडून दोन पावले मागे सरते. मी स्वतः सरलो आहे.