पोरांचा इतिहासाचा प्रकल्प कुणी करायचा?

आज हप्ता, व्याज, ठराव यातलं काही नाही. आज बोलायचंय ते घरोघरी रात्री नऊ वाजता उभ्या राहणाऱ्या एका संकटाविषयी. भाकऱ्या झालेल्या असतात, भांडी पडलेली असतात, आणि पोर दप्तरातून कागद काढून म्हणतं, "आई, उद्या इतिहासाचा प्रकल्प द्यायचाय."

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. ज्याच्याकडे चांगला मोबाइल आहे त्याच्या मागे लागायचं, सकाळी स्टेशनजवळच्या दुकानात प्रिंट काढायची, किल्ल्यांच्या चित्रांचा तक्ता विकत आणायचा, कापायचा, चिकटवायचा. वर्गातल्या सगळ्या वह्यांत तोच मजकूर आणि तीच चित्रं. गुरुजी सही करतात, वही माळ्यावर जाते. पैसे गेले, झोप गेली, आणि पोराला विचारलं, "काय लिहिलंस?" तर त्याला सांगता येत नाही. माझ्या मते हा प्रकल्प पोराचा नसतोच. तो आईचा आणि प्रिंटवाल्याचा असतो.

दोष एकट्या गुरुजींवर टाकून चालणार नाही. अभ्यासक्रम पुरा करायचा, त्यात इतर कामं, आणि शाळेतली पुस्तकं बहुतेक ठिकाणी एका कपाटात. दुसरीकडे गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल बसलेले असतात, आणि वाचक म्हणजे पेपर चाळायला येणारे चार आजोबा. शाळा आणि वाचनालय यांच्यात चालत दहा मिनिटांचं अंतर असतं, पण वर्षानुवर्षं एकाचं दुसऱ्याकडे जाणं नाही. हे दोघं प्रकल्प द्यायच्या आधी एकत्र बसले तर काय होतं, ते आपल्याच तालुक्यातल्या उदाहरणावरून सांगते.

सातवीच्या इतिहासात मध्ययुग आहे. आपल्याकडे मध्ययुग म्हणजे ढोबळमानानं शिलाहार-यादवांपासून मराठेशाहीपर्यंतचा काळ. त्यातली एक मोठी लढाई आपल्या खालापूर तालुक्यात झाली, उंबरखिंडीत. खोपोलीहून पालीकडे जाताना शेमडीजवळून आत गेलं की चावणी गाव लागतं. तिथे अंबा नदीकाठी लढाईचं स्मारक आहे. शायिस्ताखान पुण्यात तळ देऊन बसला होता. त्यानं कारतलबखानाला कोकणात उतरायला पाठवलं. खानाची फौज घाट उतरून अरुंद, दाट रानाच्या वाटेत शिरली, आणि शिवाजी महाराजांनी ती दोन्ही तोंडांनी अडवली. ना पुढे जाता येई ना मागे, आणि पाणीही मिळेना. शेवटी खानानं शरणागती पत्करली आणि सगळं सामान टाकून परत गेला. साल १६६१, महिना फेब्रुवारी.

आता "उंबरखिंडीच्या लढाईची माहिती लिहा" असं सांगितलं, की पोरं हेच मोबाइलवरून उतरवून काढणार. पण गुरुजींनी विचारलं, "हे आपल्याला कळलं कसं? कुणी लिहून ठेवलं?" तर मोबाइलला सहज उत्तर देता येत नाही. पोराला शोधावं लागतं. संशोधन म्हणजे एवढंच. पाठ्यपुस्तकात उत्तर नसलेला, पण हाताच्या टप्प्यातला प्रश्न.

या प्रश्नाचं उत्तर फार सुंदर आहे. या लढाईचं सविस्तर वर्णन 'शिवभारत' या संस्कृत काव्यात आहे. ते लिहिलं कवींद्र परमानंदांनी, म्हणजे महाराजांच्याच काळातल्या कवीनं. पण कितीतरी वर्षं हे काव्य आपल्याकडे कुणाच्या हाती नव्हतं. त्याची हस्तलिखित पोथी सापडली तमिळनाडूत, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात. तंजावरला महाराजांच्या सावत्र भावाचं, व्यंकोजी राजांचं घराणं राज्य करत होतं. त्यांनी पोथ्या जपल्या, पुढे सरफोजी राजांनी ते ग्रंथालय खूप वाढवलं. सदाशिव महादेव दिवेकर यांनी तिथली पोथी मिळवून संपादन केलं, आणि १९२७ साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळानं ते मराठी भाषांतरासह छापलं. म्हणजे चावणीच्या रानात काय घडलं, हे आपल्याला इतक्या बारकाईनं कळतं ते शेकडो मैलांवरच्या ग्रंथालयात कुणीतरी पोथीला वाळवी लागू दिली नाही म्हणून. वाचनालयात बसणाऱ्या माणसाचं काम काय, असं कुणी विचारलं तर हे सांगा.

इथे गुरुजींचं दुसरं काम सुरू होतं. परमानंद महाराजांचे कवी होते. ते महाराजांची थोरवी गाणारच. मग खानाच्या बाजूनं हीच गोष्ट कुणी कशी सांगितली असती? काव्यात किती आणि घडलं किती? सातवीच्या मुलाला हे कळतं बरं का. दोन शेजारणींचं भांडण झालं की दोघींकडून दोन गोष्टी ऐकायच्या असतात, हे आपल्या पोरांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

आणि मुलींच्या गटाला एक खास प्रश्न द्यावा. या लढाईत खानाबरोबर एक बाई होती, माहूरच्या देशमुख घराण्यातली. तिला रायबाघन म्हणत, म्हणजे वाघीण. औरंगजेबाच्या बाजूनं ती स्वतः फौजेत होती, आणि वाटा अडल्यावर "आता शरण जाण्यातच शहाणपण आहे" असा सल्ला तिनं खानाला दिला, असं शिवभारत सांगतं. एवढ्या मोठ्या फौजेत परिस्थिती ओळखून खरं बोलणारी ती. शत्रूच्या बाजूची म्हणून तिच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. पोरींनी शोधावं, कुठल्या पुस्तकात ती किती ओळींत आहे आणि कुठल्यात तिचं नावच नाही.

ग्रंथपालांची खरी गरज इथून पुढे लागते, कारण पुस्तक असूनही ते न सापडण्याचे अनेक प्रकार आहेत. माथेरानच्या सनसेट पॉइंटवरून समोर दिसतो तो प्रबळगड. मुलानं जुन्या कागदांत 'प्रबळगड' शोधला तर हाती काही लागणार नाही, कारण त्याचं जुनं नाव मुरंजन. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मुघलांना तेवीस किल्ले द्यावे लागले, त्यात मुरंजन आहे. दुसरी गंमत. इंग्रजांच्या काळात प्रत्येक जिल्ह्याची माहिती देणारे जाडजूड ग्रंथ निघाले, त्यांना गॅझेटियर म्हणतात. आपला जिल्हा रायगड, १९८१ पर्यंत नाव कुलाबा. मूल कुलाब्याचं गॅझेटियर उघडतं आणि कर्जत, माथेरान शोधत बसतं. ते तिथे नाहीच. तो ग्रंथ निघाला त्या वेळी कर्जत ठाणे जिल्ह्यात होतं, म्हणून माहिती ठाण्याच्या गॅझेटियरमध्ये. हे ज्याला माहीत आहे तो मुलाचे आठ दिवस वाचवतो. गॅझेटियर इंग्रजीत आहे, तेव्हा त्यातलं एखादं पान गुरुजींनी किंवा कॉलेजला जाणाऱ्या ताईनं मराठीत समजावून द्यावं लागेल. तेवढं करता येतं.

माणूस एकच, तोच ग्रंथ सांभाळणारा आणि तोच शोधणारा, असंही आपल्याकडे झालंय. ग. ह. खरे यांचा जन्म आपल्या शेजारच्या पनवेलचा, १९०१ सालचा. भारत इतिहास संशोधक मंडळातला कागदपत्रांचा संग्रह त्यांनी कित्येक वर्षं सांभाळला, फारसी शिकून जुने फारसी कागद छापले, आणि नव्या अभ्यासकांची अडचण ओळखून 'संशोधकाचा मित्र' नावाचं पुस्तकच लिहिलं. वाचनालयाला पुस्तकं घ्यायची असतील तेव्हा हे नाव सुचवायला हरकत नाही. माथेरानला नगरपरिषदेचं वाचनालय आहे, त्याला करसनदास मुळजींचं नाव आहे. धर्माच्या नावाखाली बायकांचं शोषण करणाऱ्या महाराजांविरुद्ध लिहून १८६२ चा गाजलेला खटला जिंकणारे ते गुजराती पत्रकार. पाटीवर नाव रोज दिसतं, पण हे कोण ते पोरांना सांगितलेलं नसतं. हा मध्ययुगाचा विषय नाही, पण राहवलं नाही म्हणून सांगितलं.

तर दोघांनी करायचं काय? प्रकल्प देण्याच्या पंधरा दिवस आधी गुरुजींनी वाचनालयात जाऊन प्रश्नांची यादी द्यावी. सगळ्या वर्गाला एकच विषय नको. चार-पाच मुलांचा गट, आणि गटाला एक प्रश्न. ग्रंथपालांनी त्या प्रश्नांची पुस्तकं वेगळी काढून एका टेबलावर ठेवावीत, आणि नसतील ती तालुक्याच्या किंवा अलिबागच्या जिल्हा ग्रंथालयातून मिळतात का पाहावं. मग एकेक गट वाचनालयात यावा. पहिल्या दिवशी फक्त अनुक्रमणिका आणि सूची कशी बघायची ते शिकवायचं. पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं नसतं, हे कुणी सांगितलेलंच नसतं. प्रत्येक टिपणाखाली पुस्तकाचं नाव आणि पान नंबर लिहायचा. हा नियम कडक ठेवला की नुसती नक्कल आपोआप थांबते. लिहिलेलं तपासायचं काम गुरुजींचं, ते ग्रंथपालांवर ढकलू नये. आणि ग्रंथपालांनीही उत्तर हातात देऊ नये, कपाट दाखवावं.

आता आपल्याकडे येते, कारण या कामात आपलाही वाटा आहे. तुम्ही म्हणाल, आम्हाला काय कळतं मध्ययुगातलं? बायांनो, तिथी कुणाला कळते? उंबरखिंडीची तिथी पुस्तकात माघ शुद्ध १४, शके १५८२ अशी मिळते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, पण इंग्रजी वर्ष पौषात बदलतं, म्हणून माघ-फाल्गुनाला ७९ मिळवायचे. १५८२ आणि ७९, झाले १६६१. एका पुस्तकात २ फेब्रुवारी आणि दुसऱ्यात ३ दिसली तर पोरानं गोंधळू नये. तिथी आणि तारीख काटेकोर जुळत नाहीत, हे एकादशी धरणारी बाई त्याला भिंतीवरच्या कॅलेंडरवर दाखवू शकते.

दुसरं, दगड. गावाबाहेर, देवळामागे, बांधावर कोरलेले दगड असतात. लढणारा माणूस कोरलेला असेल तर तो बहुधा वीरगळ, लढाईत पडलेल्याची आठवण. कोपरातून वाकवलेला बाईचा हात असेल तर सतीचा दगड. आणि गाढव व बाई कोरलेली असेल तर गद्धेगाळ. दान दिलेली जमीन कुणी बळकावू नये म्हणून घातलेला तो शाप आहे. शाप कुणाला, तर बळकावणाऱ्याच्या आईला! चूक पुरुषाची आणि शिवी आईवरून, ही रीत हजार वर्षांपूर्वीचीच. अलिबाग तालुक्यात आक्षीला असा शिलालेख आहे. तो शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा मानतात, आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. तो बरीच वर्षं रस्त्याच्या कडेला उघड्यावर होता. तुमच्या वाडीत असा दगड असेल तर त्याला शेंदूर, ऑइलपेंट लावू नका, जागचा हलवू नका. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना फोटो काढा, तेव्हा अक्षरं उठून दिसतात.

तिसरं, ट्रंकेतले कागद. जुन्या घरांत मोडी लिपीतले कागद असतात, वतनाचे, वाटणीचे. ते पोराला प्रकल्पाच्या वहीत चिकटवायला देऊ नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका, कागद कायमचा जातो. फोटो काढून ग्रंथपालांना दाखवा. मोडी वाचणारी माणसं आजही आहेत.

आणि चौथं म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी असलेलं. ठाकरवाडीतली, कातकरवाडीतली म्हातारी माणसं घाटाच्या वाटा, झऱ्यांची आणि खिंडींची नावं सांगतात, ती कुठल्या नकाशात नाहीत. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. तिथली किती नावं, किती गोष्टी माणसांबरोबर गेल्या, ते आता कुणाला विचारणार? आजींनी सांगितलेलं सगळं पुराव्याचं ठरेल असं नाही. साडेतीनशे वर्षांत गोष्ट बदलते. पण वाटेचं नाव टिकतं, आणि पुस्तकातल्या वाटेशी ते जुळतं का हे बघणं हाच एका गटाचा प्रकल्प होऊ शकतो.

गटाच्या पुढच्या बैठकीत दहा मिनिटं यासाठी काढा. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्यातली कुणी ना कुणी असतेच. तिनं मुख्याध्यापकांना विचारावं, "इतिहासाचा प्रकल्प कधी देणार आहात? त्याआधी वाचनालयात बैठक लावू का?" दोघींनी जाऊन वाचनालयाची वेळ आणि मुलांची वर्गणी विचारून यावं. बऱ्याच वाचनालयांना सरकारी अनुदान असतं, मुलं येताना दिसली तर त्यांनाही हवंच असतं. संध्याकाळी मुलींना आणायला-पोचवायला कोण जाईल, हेही तिथेच ठरवा, नाहीतर टेबलाभोवती फक्त मुलगे बसतील.

पोरं आजींकडे विचारायला आली तर एवढं बघा, की वहीत आजींचं पूर्ण नाव, वाडी आणि तारीख लिहिली गेली पाहिजे. पुस्तकाखाली लेखकाचं नाव लिहितो, तसं सांगणाऱ्या बाईचं नाव तिच्या शब्दांखाली. आणि वही सही होऊन आली की तिची एक झेरॉक्स वाचनालयात ठेवायला सांगा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या सातवीला तिथून पुढे सुरू करता येईल.