औषधाविना सुई

दिवसभर ओझे वाहिले की खांदा भरून येतो. मानेजवळ दाबले तर बोटाला गाठ लागते. ही गाठ म्हणजे आखडलेला स्नायू. शेकले, चोळले, तरी कधी कधी ती सुटत नाही.

अशा गाठीत फिजिओथेरपिस्ट बारीक सुई टोचतात. तिच्यात औषध नसतेच! प्रथम ऐकले तेव्हा आम्हालाही खरे वाटेना. पूर्वी डॉक्टर अशा दुखऱ्या जागी औषध टोचीत. १९७९ साली प्राग शहरातील डॉक्टर कारेल लेविट यांनी लिहिले, की गुण पुष्कळदा औषधाचा नसून सुईचाच असतो. सुई नेमकी गाठीत शिरली की स्नायू टचकन उडतो. मग तो सैल पडतो. काही दिवस आराम वाटतो.

टोचलेली जागा एकदोन दिवस ठणकते. त्याला भिऊ नये. पण बरगड्यांच्या आत फुप्फुस आहे. नवख्या हाताने सुई खोल गेली, तर त्याला भोक पडते. म्हणून शिकलेल्या माणसाकडूनच टोचून घ्यावे. सुई नवी, बंद पाकिटातली आहे ना, हे विचारावे. विचारायला लाजू नये. नंतर छातीत दुखले, धाप लागली, तर तडक दवाखाना गाठावा.

सुईने काम संपत नाही. सांगितलेला व्यायाम रोज करावा. नाहीतर गाठ पुन्हा धरते.